धूळ आपली, धूर लोकांचा

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या चेंबूरच्या टिळकनगरात सकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींत दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, धुकं पडलंय. दुसऱ्याचं म्हणणं, हा धूर आहे. धुकेवाले मूळचे रसिक. अर्धवट बांधलेल्या टॉवरवरची क्रेन जरा धूसर दिसली की ते मोबाइल काढतात आणि ‘महाबळेश्वर नव्हे, आपलं चेंबूर!’ असं लिहून तो फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. धूरवाले फोटो काढत नाहीत. ते मोबाइलवरचा आकडा दाखवतात आणि दहा वाजून गेले तरी हे धुकं विरत का नाही, असा अडचणीचा प्रश्न विचारतात. बाकी खोकताना दोन्ही पक्षांत काही फरक जाणवत नाही.

आकडा विचारायची ही पद्धत अलीकडची. बागेतल्या कट्ट्यावर रोज सकाळी हा संवाद ऐकू येतो.

“आज किती?”

“एकशे ऐंशी.”

“उपाशीपोटी?”

“अहो, हवेचा सांगतोय.”

“हात्तिच्या! मग ठीक आहे.”

साखर, रक्तदाब आणि हवा असे तीन आकडे एकमेकांना सांगून झाल्याशिवाय आता ज्येष्ठ नागरिकांचा दिवस सुरू होत नाही. त्यातला हवेचा आकडा सगळ्यांत लाडका. कारण तो वाढला तर पथ्य आपल्याला पाळायचं नसतं, सरकारने पाळायचं असतं.

हा हवा गुणवत्ता निर्देशांक देशात आला २०१५ साली. हवेतल्या आठ प्रदूषकांची मोजदाद होते आणि त्यांतलं जे सगळ्यांत वरचढ ठरेल, त्याचाच आकडा सगळ्या हवेच्या नावावर चढतो. मुंबईत हिवाळ्यात हा मान बहुतेक वेळा धूलिकणांना मिळतो. त्यातले पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. माणसाच्या केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतात. मुंबईचे कण असल्यामुळे ‘जरा सरकून घ्या’ म्हणत आणखी दोन-चार बसवून घेत असतील.

पन्नासपर्यंत हवा ‘चांगली’, शंभरपर्यंत ‘समाधानकारक’, दोनशेपर्यंत ‘मध्यम’, तीनशेपर्यंत ‘वाईट’, चारशेपर्यंत ‘अतिशय वाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या पायऱ्या फार काटेकोरपणे मानतात. १९८ असेल तर हात हलवत चालायला जातात, २०१ झालं की खिडक्या लावून घेतात. मधल्या तीन आकड्यांत फुप्फुसांना काय कळतं देव जाणे, पण सेक्रेटरींना प्रत्येक कृतीला कागदोपत्री आधार लागतो.

या आकड्यावरून घराघरांत बाप-लेकांची भांडणंही होतात. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो रात्री-बेरात्री फोन करतो, “बाबा, तुमच्याकडे दीडशेच्या वर दाखवतंय, बाहेर पडू नका.” आजोबा आपला फोन बघून म्हणतात, “इथे तर शंभर आहे, समाधानकारक.” गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. हवेच्या एका घनमीटरमध्ये पीएम २.५ ची सरासरी ६० मायक्रोग्रॅम असली, तर आपल्या मोजपट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकेच्या मोजपट्टीवर दीडशेच्या पुढे जातो. हवा तीच, पण तिकडे ती अपायकारक आणि इकडे समाधानकारक. आजोबांचं यावर सरळ उत्तर आहे, “आमची समाधानं लवकर होतात.”

पुढे जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत पोचला, तिथलं आकाश नारिंगी झालं आणि आजोबांचे दिवस पालटले. त्यांनी मुलाला स्वतःहून फोन लावला. खिडक्या लावून घे, ओला टॉवेल दाराखाली सार, ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धर, नातवाला हळद-दूध दे, अशा सूचनांची सरबत्ती केली. “इतकी वर्षं आम्ही काढतोय, तुम्हाला चार दिवस निघत नाहीत?” हे वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मुलाला ग्रीन कार्ड मिळालं तेव्हाही नव्हतं.

मुंबईकराला हवेच्या बाबतीत दोन मोठे आधार आहेत. पहिला आधार दिल्ली. इथला आकडा कितीही वर गेला तरी तिथला बहुतेक वेळा त्याच्याहून वर असतो, म्हणून आमच्या घशातली खवखव बातम्या बघितल्यावर निम्मी होते. दुसरा आधार समुद्र. “आपल्याला समुद्र आहे हो,” हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने ऐकत आलोय की समुद्र पालिकेच्या घनकचरा खात्यात कायम नोकरीला असावा असंच वाटायचं. तसा तो काम करतोही. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. हा वारा शहरातला धूर-धुरळा हलवतो. पण हिवाळ्यात या कर्मचाऱ्याचं वेळापत्रक बिघडतं. जमीन पुरेशी तापत नाही, खारा वारा दुपारी उशिरा उगवतो आणि आला तरी अंगात जोर नसतो. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार अशी उलटी रचना होते, म्हणजे शहरावर झाकणच बसतं. मग दिवसभरात आपण जे जे हवेत सोडलं, ते ते पहाटे प्राणायामाला बसल्यावर आपल्याच नाकात परत येतं.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा फारच बिघडली, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनी ‘ला निना’कडे बोट दाखवलं. प्रशांत महासागराचं पाणी गार झालं, त्यामुळे इकडच्या वाऱ्यांचं तंत्र बिघडलं आणि ते मंदावले, असं ते स्पष्टीकरण होतं. वारा मंदावला म्हणजे धूर साचला, धूर केला कुणी हा प्रश्न उरतोच. पण आमच्या सोसायटीने एवढं खोलात जायचं टाळलं. गुन्हेगार थेट प्रशांत महासागरात सापडल्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं होतं. तिथवर नोटीस कोण पाठवणार!

खरं तर चेंबूरला आरोपींचा तुटवडा कधीच नव्हता. पन्नासच्या दशकापासून माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. देवनारचं डम्पिंग ग्राउंड तर १९२७ पासूनचं. शिवाय हमरस्ते, ट्रक, काँक्रीट कालवणारे प्रकल्प आणि गल्लोगल्ली चाललेली बांधकामं. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणायची पद्धत इतकी जुनी झाली आहे की आता कुणी हसतही नाही. एवढी सोय असूनही सोसायटीतल्या प्रत्येकाने आपापला खासगी आरोपी निवडून ठेवला आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, सगळा दोष गाड्यांचा. त्यांच्या दोन गाड्या आहेत, पण त्यातली एक ते काढतच नाहीत, सोसायटीच्या आवारात नुसती चालू करून ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. सेक्रेटरींच्या मते दोष वॉचमनच्या शेकोटीचा. रात्री दोन वाजता गार पडतं, त्याला स्वेटर द्यावा असा विषय मागे निघाला होता, पण तो ‘पुढील सभेत’ ढकलला गेला. तरुण मंडळींचा रोख फटाक्यांवर. त्यावर आजोबा म्हणतात, “वर्षातून एकदाच तर वाजवतो.” सोसायटीत घरं चाळीस असल्यामुळे हे ‘एकदाच’ चार रात्री पुरतं.

बेकरीवाला मात्र सर्वांचा समाईक आरोपी होता. मुंबईतल्या कितीतरी बेकऱ्यांच्या भट्ट्या लाकडावर चालत आल्या, त्यातही मोडक्या फर्निचरच्या भंगार लाकडावर. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा कट्ट्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर कुणीतरी हळूच विचारलं, “पण मग पावाची चव?” एकदम शांतता. ज्या धुराला आम्ही वर्षभर शिव्या घातल्या, तो आम्ही रोज सकाळी चटणी लावून खात होतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग “एवढ्याशा भट्टीने काय होतंय, गाड्या बंद करा आधी” असा ठराव झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गटच बदलला.

आजोबा लालबागचे. ते गिरण्यांच्या धुराची आठवण काढतात. “तो धूर प्रामाणिक होता. भोंगा वाजवून यायचा.” तोही काही कमी नसणार, कारण धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईत १९१२ सालीच कायदा झाला होता. पण निदान तेव्हा मान वर करून बोट दाखवलं की चिमणी दिसायची आणि चिमणीखाली मालक सापडायचा. आता गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, एखाद-दुसरी चिमणी वारसा म्हणून जपून ठेवली. धूर मात्र बेवारस राहिला.

बाहेरच्या हवेचं काही जमत नाही म्हटल्यावर चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी घरातल्या हवेची जबाबदारी घेतली आणि एअर प्युरिफायर आणला. पांढराशुभ्र, कमरेएवढा, पुढे एक दिवा. हवा बरी असली की दिवा निळा, बिघडली की लाल. पहिल्या दिवशी खिडक्या-दारं लावून सगळं कुटुंब दिव्याकडे बघत बसलं. दिवा निळा झाला. सूनबाई कृतार्थ झाल्या. इतक्यात सासूबाईंनी आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली आणि दिवा असा काही लालभडक झाला, आतला पंखा असा काही घरघरू लागला, की सासूबाई पळी हातात घेऊन बाहेर आल्या. “माझ्या फोडणीला नावं ठेवतोय हा?” संध्याकाळी देवापुढे धूप घातला, पुन्हा लाल. डासांसाठी कॉइल लावली, पुन्हा लाल. मुलाने कपडे इस्त्री करून डिओ मारला, त्यालाही लाल. आता त्या घरात फोडणीच्या आधी प्युरिफायर बंद करतात, मग खिडक्या उघडतात, बाहेरचा धूर आत घेतात, घरातला बाहेर सोडतात आणि मग पुन्हा खिडक्या लावून यंत्र चालू करतात. सासूबाई त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून वर गणपती ठेवायच्या विचारात आहेत.

माझ्या घरी यंत्र नाही. पण हवा मोजायला फडकं आहे आणि ते वापरणाऱ्या मावशी आहेत. त्या गोवंडीहून येतात. खिडकीची कड ओल्या फडक्याने एकदा पुसतात, फडकं उलटून बघतात, बादलीत बुडवून पिळतात. पावसाळ्यात पाणी चहासारखं निघतं. डिसेंबरात तेच पाणी पाटीवरची अक्षरं पुसल्यासारखं राखाडी येतं आणि बादलीच्या तळाशी चिमटीत धरता येईल एवढा गाळ बसतो. मावशींनी तो बोटांवर घासून एकदा निकाल दिला, “ही सिमेंटची हाय. डम्पिंगची काळी असती, तिला वास येतो.” जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला आग लागली, तेव्हाचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मी मावशींना मोबाइलवरचा आकडा दाखवून म्हटलं, “आज तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आहे.” त्या फडकं पिळता पिळता म्हणाल्या, “आमच्याकडं बाराही महिने जास्तच असतंय. तुमच्याकडं आलं की मग पेपरात येतंय.”

यावर मी आकडा दाखवायचं बंद केलं.

मावशींनी सिमेंटची म्हणून ओळखलेली धूळ शेजारच्या इमारतीची. ती जुनी इमारत पाडून तिथे तेवीस मजल्यांचा टॉवर उभा राहतोय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठा भूखंड किंवा सत्तर मीटरहून उंच इमारत असेल तर भोवती ३५ फूट उंच पत्रे, एक एकराहून लहान असेल तर २५ फूट, इमारतीला हिरवं कापड किंवा ओलं गोणपाट, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं, अशी लांबलचक यादी होती. पाठोपाठ कृत्रिम पाऊस पाडायच्या गोष्टीही झाल्या. तोवर नोव्हेंबरात अवकाळी पाऊसच पडून गेला आणि आकडा दोन दिवस शहाण्यासारखा वागला. रस्ते धुवायची मोहीमही निघाली. आमच्या रस्त्याला टँकरने आंघोळ घातली तेव्हा इमारतीची टाकी सफाईसाठी रिकामी होती. सगळी सोसायटी बादल्या घेऊन गॅलरीत उभी राहून रस्त्याकडे हेव्याने बघत होती. धूर बसवणारी फवाऱ्याची तोफही एकदा येऊन गेली. धूर किती बसला ठाऊक नाही, ऑफिसला निघालेले दोन इस्त्रीचे शर्ट मात्र जाग्यावर बसले.

शेजारच्या कामावर हिरवं कापड आहे, पण त्याला इतकी भोकं पडली आहेत की आतले कामगार त्यातून डोकं काढून चहा मागवतात. फवारणी होते, पण कोणी पाहायला येणार असेल त्या दिवशी. एरवी दुपारी ग्राइंडर सुरू झाला की पांढरा लोट सरळ आमच्या दुसऱ्या मजल्यावर येतो. आणि त्या मजल्यावर भाड्याने राहतात त्याच शेजारच्या इमारतीतल्या काकू.

पुनर्विकासाची ही खरी मजा. घर पाडलं की माणसं लांब जात नाहीत. मुलांची शाळा, नेहमीचा डॉक्टर, भाजीवाला सोडवत नाही, म्हणून शेजारच्याच इमारतीत भाड्याने येतात आणि आपल्याच घराची धूळ आपल्याच ताटात पाडून घेतात. काकूंना दमा आहे. दोन पंप आहेत, एक रोजचा आणि एक धाप लागल्यावरचा. पण त्या धुळीबद्दल अवाक्षर काढू देत नाहीत. खिडकीची कड पुसताना त्यांचा चेहरा नातवाचं नाक पुसताना असावा तसा असतो. “आमचा अकरावा चाललाय,” त्या म्हणतात. भिंत फोडली, स्लॅब घासला, टाइल कापली, हे सगळं त्यांना धुळीच्या रंगावरून कळतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा हवा अचानक स्वच्छ झाली. आकडा नव्वद. धुकेवाले, धूरवाले सगळे खूश. मी जिन्यात काकूंना म्हटलं, “आज छान वाटतंय ना?” तर त्यांचा चेहरा पांढराफटक. “छान कसलं? सोमवारपासून ग्राइंडर बंद आहे. बिल्डरचे पैसे संपले म्हणतात. भाड्याचा चेकही आला नाही.” पुढचे पंधरा दिवस टिळकनगरात मोकळा श्वास घेणं चालू होतं आणि काकूंच्या घरात जप चालू होता. मग एका दुपारी घर्रर्र आवाज झाला, पांढरा लोट उठला, आणि काकूंनी खोकत खोकत जिन्यात पेढे वाटले.

अशा वातावरणात आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषय दोनच होते. पहिला, शेजारच्या बांधकामाच्या धुळीबद्दल वॉर्ड ऑफिसात तक्रार करणे. दुसरा, आपल्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी आलेला बिल्डरचा प्रस्ताव. पहिल्या विषयावर सभासद पोटतिडकीने बोलले. मुलांची फुप्फुसं, ज्येष्ठांची छाती, नियमावली, न्यायालय, सगळं निघालं. सेक्रेटरींनी गच्चीवरून टेप सोडून शेजारचा पत्रा मोजला होता. तो ३५ फुटांना दोन फूट कमी भरला. सभेत ‘शेम शेम’ झालं आणि तक्रारीचा ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसरा विषय निघाला. काम सुरू कधी, भाडं किती, बिल्डरकडून हातात पडणारा कॉर्पस किती, पार्किंग किती. शेवटी कुणीतरी विचारलं, आपल्या कामाला पत्रा किती फुटांचा? चेअरमन म्हणाले, आपला भूखंड एक एकराच्या आत, म्हणजे पंचवीस चालला असता, पण इमारत सत्तर मीटरच्या वर जाणार, म्हणून पस्तीस. “त्याचा खर्च कुणाचा?” “बिल्डरचा.” “म्हणजे तो कॉर्पसमधून कापणार.” सभेत चुळबुळ झाली. “मग दोन मजले कमी घ्या.” “मजले कमी म्हणजे आपली जागा कमी!” “पत्रा हवा कशाला एवढा? आजूबाजूला राहतं कोण?” आजूबाजूला राहायला आपणच जाणार आहोत, हे कुणी बोललं नाही. पस्तीस फूट ‘साधारणपणे’ धरावेत, असं ठरलं.

सभा संपत आली तेव्हा सेक्रेटरींनी मागे बसलेल्या काकूंना बोलायची विनंती केली. भाडेकरूंना मत नसतं, पण अनुभव असतो. काकू उठल्या, पंपाचा एक झुरका घेतला, श्वास जागेवर येईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, “धुळीला अजिबात घाबरू नका हो. धूळ थांबली की घाबरा.”